मंगलताईंचा प्रश्न

मंगलताईंना कुठल्याही वस्तूच्या आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नसे. शाळेच्या खिचडीच्या खोलीत नवी गॅसची शेगडी आली तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी तिचे बर्नर काढले, फुंकले, पुन्हा बसवले आणि मगच पातेलं चढवलं. भोपळा चिरला की आतल्या बियांची रांग कशी लागलीय ते त्या बघत उभ्या राहायच्या आणि बाहेर दीडशे पोरं ताटल्या वाजवत असायची. "आत काय हाय ते बघितल्याबिगर वरनं काय बोलायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांनाही त्या हीच मापपट्टी लावत. नवे मुख्याध्यापक हजर झाले, आल्या आल्या सगळ्यांवर खेकसले, तेव्हा मंगलताई मला हळूच म्हणाल्या की वरनं कडक दिसत्यात पण आतनं मऊ भात हाय. आठवड्याभरात ते खरं निघालं.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. कर्जत तालुक्याच्या कोरड्या बाजूचं गाव. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला जातात. मंगलताईंनीही लग्नानंतर सात-आठ हंगाम ऊस तोडला होता. मग सासूनं अंथरूण धरलं, तशा त्या गावात राहिल्या, नवरा एकटा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर जाऊ लागला आणि ताईंना बचत गटामार्फत शाळेतल्या खिचडीचं काम मिळालं. शिक्षण चौथी. वय तेव्हा तेहेतीसच्या आसपास, पण कष्टानं चाळिशीच्या दिसायच्या. पोरं त्यांना मावशी म्हणायची, बाकीचे शिक्षक मंगलबाई म्हणायचे. मी ताई म्हणायचो आणि तेवढ्यावर स्वतःला इतरांपेक्षा बरा माणूस समजायचो.

खिचडीची खोली सातवीच्या वर्गाला लागून होती. मधल्या भिंतीला एक खिडकी होती आणि तिची काच कधीची फुटलेली. माझा तास त्या खिडकीतून पलीकडे जायचा आणि पलीकडची फोडणी माझ्या तासाला यायची. एकदा मी पचनसंस्था शिकवत होतो. लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं, असं सांगितलं, पोरांनी ते मुकाट्यानं लिहून घेतलं. खिडकीतून आवाज आला, "सर, सा मीटर म्हंजी किती?" मी हात पसरून काहीतरी दाखवू लागलो. त्या माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "म्हंजी एक साडी. आख्खी साडी पोटात घिऊन फिरतो व्हय मानूस?"

वर्ग हसला. पण त्या वर्षी परीक्षेत एकाही पोराची आतड्याची लांबी चुकली नाही. पुढे मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे साडीचं उदाहरण कित्येकदा दिलं आणि प्रत्येक वेळी "मी असं सांगतो बघा" अशीच सुरुवात केली.

खरं तर शरीराच्या आतलं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिलं होतं. गावच्या जत्रेला बोकड कापला की आतडी धुवायचं काम माहेरीही त्यांच्याकडे होतं आणि सासरीही. फुप्फुस पाण्यावर तरंगतं आणि कलेजी तळाला जाते, हे त्यांनी मला सांगितलं. मी बी.एस्सी. झालेला, फुप्फुसात वायुकोश असतात हे फळ्यावर शंभरदा लिहिलेलं, पण ते तरंगतं हे मला माहीत नव्हतं. "तुमी पुस्तकातलं सांगा, मी पातेल्यातलं सांगते," असं म्हणून त्या हसायच्या. हसताना पदर तोंडाला लावायची त्यांची सवय होती. बोलताना मात्र नाही.

त्या वर्षी शैक्षणिक साहित्याच्या स्पर्धेचं परिपत्रक आलं. मी ठरवलं, एक एप्रन करायचा. एप्रनवर माणसाच्या सगळ्या इंद्रियसंस्था, प्रत्येक अवयव कापडाचा, टिचबटणांनी लावायचा आणि काढायचा. कल्पना माझी. हात कुणाचे, हा प्रश्नच नव्हता, कारण मंगलताईंच्या घरी मशीन होतं आणि गावातल्या बायांची ब्लाउजं त्याच शिवायच्या. मी विचारलं आणि त्यांचे डोळे चमकले. तीन आठवडे त्या खिचडी झाली की प्रयोगशाळेत येऊन बसायच्या. फुप्फुसं जुन्या गादीच्या स्पंजची केली, मूत्रपिंडं तपकिरी ब्लाउजपीसची. लहान आतड्यासाठी स्वतःची एक विरलेली साडी आणली, उभी फाडली, नळी शिवली, आणि ती पोटाच्या जागेत घडीघडीनं बसवताना म्हणाल्या की देवानं हे घडी घालायचं काम कुठल्या बाईकडनं करून घितलं असंल.

अवयवांच्या जागा मी खडूनं आखून दिल्या होत्या. एप्रन टेबलावर पसरलेला, मी समोर उभा. यकृत उजवीकडे असतं म्हणून मी माझ्या उजव्या हाताला खूण केली. हृदय डावीकडे म्हणून डाव्या हाताला. मंगलताईंनी सगळं शिवलं, एप्रन अंगात घातला, खाली बघितलं आणि म्हणाल्या, "सर, कलेजी डावीकडं गेली की." मी म्हटलं, पुस्तकात बघा, यकृत उजवीकडे असंच लिहिलंय. त्यांनी पुस्तक घेतलं, बराच वेळ चित्राकडे पाहिलं, मग पुस्तक स्वतःच्या छातीशी धरून माझ्याकडे वळवलं. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. हे मीच पोरांना सांगायचो. खडू हातात घेतल्यावर मात्र विसरलो होतो. त्यांनी रात्रीतून सगळी बटणं उसवून दुसऱ्या दिवशी नीट लावून आणली.

सगळं लावून झाल्यावर एक दिवस त्यांनी एक लहानसा गुलाबी कापडाचा तुकडा पुढे केला. आत कापूस भरलेला, खाली निमुळता, वर दोन्ही बाजूंना दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला बदामाएवढी दोन बोंडं. "ही पिशवी. कुठं लावायची?" आमच्याकडे बायका गर्भाशयाला पिशवी म्हणतात. तिथं शिपाई होता, दोन सहकारी शिक्षक होते. मी म्हटलं, ती नको, चित्रात नाही.

"बाईचं चित्र न्हाई व्हय पुस्तकात?"

सहकारी हसले, मीही हसलो. खरं तर पुस्तकात चित्र होतं, दहावीच्या पुस्तकात होतं. मंगलताईंनी तो तुकडा पुन्हा पदराच्या गाठीत बांधला आणि खिचडीच्या खोलीत गेल्या. पुढे चार दिवस स्टाफरूममध्ये पिशवीचा विनोद चालला आणि मी तो थांबवला नाही.

एप्रनला जिल्ह्यात दुसरा क्रमांक मिळाला. नगरला मी तो स्वतः अंगात घालून दाखवला, परीक्षकांनी कलाकुसरीचं कौतुक केलं, आणि प्रमाणपत्रावर एकच नाव होतं. परत आल्यावर मी मंगलताईंना पेढ्याचा पुडा दिला. त्यांनी तो तिथंच फोडला आणि रांगेतल्या पोरांना वाटून टाकला. प्रमाणपत्र मात्र बघायला मागितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि छान कागद हाय म्हणून परत दिलं.

दहावीचा पुनरुत्पादनाचा धडा आला की मी काय करायचो तेही सांगून टाकतो. "हा धडा सोपा आहे, घरी वाचून या, आकृती पाठ करा," एवढंच. बहुतेक शाळांत असंच चालतं. माझ्यासमोर बसलेल्या मुलींपैकी निम्म्या दोन वर्षांत लग्न होऊन कोयता हातात घेणार होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी मी पान उलटायचो. त्या वर्षी तास संपवून बाहेर आलो तर मंगलताई दारात तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या की ह्यो धडा लई लवकर उरकला, आणि ते पुस्तक दोन दिवस मागितलं. मी दिलं. परत आलं तेव्हा त्या धड्याच्या पानांवर हळदीचे बोटांचे ठसे होते, प्रत्येक ओळीखाली एकेक. चौथी शिकलेल्या बाईनं बोट ठेवून ठेवून तो धडा वाचला होता. पूर्ण शाळेत तो धडा तेवढ्या एकाच माणसानं वाचला, असं मला वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. मंगलताईंना कंबरदुखी होती, अंगावरून पांढरं जात होतं. ऊसतोडीच्या काळापासूनचं दुखणं. बाहेरच्या तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात त्या गेल्या. तिथल्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, पिशवीला सूज आहे, बाजूच्या अंडाशयांसकट आज काढली नाही तर उद्या कॅन्सर होईल, असं सांगितलं. त्यांच्या जावेचीही तिथंच काढली होती, चुलत सासूचीही. घरात सगळे म्हणत होते काढून टाका, कटकट जाईल. मंगलताईंना मात्र आत काय आहे ते कळल्याशिवाय काही करायचं नव्हतं. म्हणून एका दुपारी, खिचडी वाटून झाल्यावर, त्या स्टाफरूमच्या दारात आल्या. आत येत नसत, उंबऱ्याबाहेरच उभ्या राहत.

"सर, एक इचारायचं हुतं. ती पिशवी आन बाजूची दोन काढली, तर बाकीच्या शरीराच्या कामाला काय हुतं?"

चार शिक्षक बसले होते. एकानं वर्तमानपत्र खाली घेतलं. मला उत्तर येत होतं. अंडाशयांतून संप्रेरकं स्रवतात, ती थेट रक्तात मिसळतात, सगळ्या अंगाला जातात, हाडं धरून ठेवतात. अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर काढायचो. एवढंच म्हणायचं होतं की ताई, घाई करू नका, नगरला दुसऱ्या डॉक्टरला दाखवा, तेहेतिसाव्या वर्षी ती दोन काढली तर शरीर एकदम म्हातारं होतं. दोन मिनिटांचं काम. पण समोर एक बाई आणि मागे चार पुरुष, आणि बाईशी असल्या विषयावर बोललो तर उद्या गावात काय होईल, हे सगळं माझ्या डोक्यात आधी आलं.

मी म्हटलं, "डॉक्टरांना कळतं ताई. ते सांगतील तसं करा."

मी वहीत डोकं घातलं. मग त्यांच्या चपलांचा आवाज लांब गेला. वर्तमानपत्रवाला म्हणाला, तुमच्याकडे पेशंट यायला लागले की सर. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, उत्तराची वाटते त्याहून जास्त.

ऑपरेशन झालं. दीड-दोन महिन्यांनी त्या कामावर आल्या. भर थंडीत त्यांना घामाच्या धारा लागायच्या, पदरानं वारा घेत दाराशी बसायच्या. झोप लागत नाही म्हणायच्या. गुडघे, मनगटं, बोटं धरायची. एके दिवशी त्यांनी कापडी थैलीतून दवाखान्याचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. सगळं इंग्रजीत. त्या वेळी व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो, ऐकायला कुणीही नव्हतं. मी कागद वाचला. गर्भाशय काढलं होतं आणि दोन्ही अंडाशयंही. तपासणीत गाठ वगैरे काही सापडल्याचं त्यात कुठंच नव्हतं.

"काय लिवलंय, सर?"

"ऑपरेशन नीट झालंय, असं लिहिलंय."

त्यांनी कागदाची घडी केली. बरं म्हणाल्या. पुढे वर्षभरात त्यांना मोठं पातेलं उचलेना, मग उलथनंही फिरवेना. पोरांच्या ताटात वाढताना हात कापायचा. बचत गटानं दुसरी बाई लावली. शेवटच्या दिवशी त्यांनी शेगडीखालची जागा पुसून दिली, नव्या बाईला शेगडीचे बर्नर कसे काढायचे ते दाखवलं आणि मला सांगायला आल्या नाहीत. त्याच उन्हाळ्यात माझी संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

दहा वर्षं मी त्या गावाला गेलो नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कर्जतच्या बाजारात एक बाई समोर आली आणि पाया पडली. वैशाली, मंगलताईंची मुलगी. माझ्याच हाताखालून दहावी झालेली, आता दोन मुलांची आई, नवऱ्याबरोबर ऊस तोडणारी. म्हणाली की आई आठवण काढते, सरांना एकदा घेऊन ये म्हणते. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

मंगलताई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. वय जेमतेम पंचेचाळीस, पाठीला बाक आलेला, केस पांढरे. उठायला लागल्या, मी नको म्हटलं. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी मुद्द्याला हात घातला. वैशालीला पांढरं जातंय, डॉक्टर म्हणतो दोन लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, हंगामाच्या आधी काढून टाका. तिच्या सासरचे तयार आहेत. "तिला नीट सांगा, सर. माझं ती ऐकत न्हाई, म्हनती तुला काय कळतंय. तुमी शिकिवलंय तिला."

वैशाली समोर बसली. मी घसा साफ केला. असं आहे बाळा, म्हणालो, शरीर म्हणजे एक यंत्रणा असते. निरनिराळ्या संस्था असतात. ओट्याच्या खाली तिचा नवरा उभा होता, शेजारचा एक म्हातारा बिडी ओढत होता. मी संस्थांची नावं घेतली. संतुलित आहार म्हणालो, लोह म्हणालो. वैशाली मान हलवत होती, तिला काही कळत नव्हतं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि तो एक शब्द माझ्या तोंडातून निघेना.

मंगलताई भिंतीचा आधार सोडून पुढे सरकल्या आणि मुलीला म्हणाल्या, इकडं बघ. जावयाला आणि म्हाताऱ्याला त्यांनी जा म्हटलं नाही. स्वतःच्या पोटावर, साडीवरून, त्यांनी बोट ठेवलं. इथं पिशवी. तिच्या दोन्ही बाजूंना बदामायेवढी दोन अंडाशयं. हा शब्द त्यांनी सावकाश, पुस्तकात आहे तसाच उच्चारला. त्यातनं रस निघतो, त्याला नळी न्हाई, सरळ रक्तात जातो, आन रक्त जातं तिथं समद्या अंगात जातो. हाडात जातो, डोक्यात जातो, झोपंत जातो. तो असतो तवर हाड हाडासारखं राहतं. काढलं की असं हुतं, म्हणून त्यांनी आपली वाकडी झालेली बोटं मुलीपुढे धरली. पांढरं जातं त्याला गोळ्या असत्यात. आदी त्या घ्यायच्या, नगरला दुसरीकडं दाखवायचं, तिथं बी काढाच म्हनले तर इचारायचं का काढायची, आन दोन अंडाशयं ठिवता का म्हनून इचारायचं.

कुठंही अडखळल्या नाहीत. जावई खाली मान घालून का होईना, ऐकत होता. वैशाली आईच्या बोटांकडे बघत होती.

"बरुबर सांगितलं ना, सर? कुठं चुकलं आसंल तर सांगा."

मी म्हटलं, बरोबर आहे. कुठंच चुकलं नाही. वैशाली आत गेली आणि तिच्या मागोमाग नवराही गेला. आत दोघांचं बोलणं सुरू झालं, नगरला कुणाकडे जायचं याचं. ओट्यावर आम्ही दोघं उरलो. म्हातारा बिडी विझवून निघून गेला होता. मला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

"ताई, तुम्ही मला विचारलं होतं ना तेव्हा, मला उत्तर माहीत होतं. आणि त्या कागदावर काय लिहिलंय तेही मला वाचता आलं होतं."

त्यांनी पदर नीट केला. कागद त्यांनी दुसऱ्याच दिवशी आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरला दाखवला होता, हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. तेव्हाच सगळं कळलं होतं. मग मला एका शब्दानं का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

"काय बोलायचं? तुमी लाजत हुता." मग म्हणाल्या, "तुमाला ठावं हाय, ते मला ठावं हुतं, सर. म्हनून तर गावात दुसऱ्या कुनाला इचारलं न्हाई."

त्यांनी आत वैशालीला हाक मारून सरांना चहा टाकायला सांगितलं. चहा आला. मी तो बशीत ओतून शेवटपर्यंत प्यायलो, येतो म्हटलं आणि निघालो.